यानाच्या पोटातले बोळ

अंतराळयानांच्या मालिकांवर लिहिणारे बहुतेक जण कप्तानाच्या खुर्चीपाशीच रेंगाळतात. माझ्या मते यान खरं वाटतं की नाही, हे ठरतं ते देखभालीच्या बोळांत.

'स्टार ट्रेक'च्या मूळ मालिकेचे (1966-69) कलादिग्दर्शक मॅट जेफ्रीज विमानांतले जाणकार. दुरुस्तीसाठी माणसाला बाहेर पोकळीत कशाला धाडायचं, यंत्रं आतूनच हाताशी यायला हवीत, असा त्यांचा हिशोब. म्हणून एंटरप्राइझचं कवच गुळगुळीत राहिलं आणि आत एक अरुंद नळी आली. सहकाऱ्यांनी गमतीने तिला त्यांचंच नाव चिकटवलं: जेफ्रीज ट्यूब.

या नळीचा सर्वांत चांगला वापर मला 1969च्या 'दॅट विच सर्व्हाइव्ज' या भागात दिसतो. यान पंधरा मिनिटांत फुटणार. यानाचा मुख्य इंजिनिअर स्कॉटी जेमतेम अंग मावेल अशा जागेत शिरतो. ऊर्जेचा प्रवाह इतका जवळ, की अंगभर मुंग्या चालल्यासारखं वाटतंय असं तो सांगतो. फसलंच, तर आपल्यासकट हा भाग यानापासून तोडून टाका, हेही त्यानेच सांगून ठेवलेलं. सेट म्हणाल तर एक नळी, थोडा प्रकाश आणि हातात एक अवजार. तरी घाम फुटतो, कारण तिथे काम चाललंय.

ब्रिटिशांनी तर याहून स्वस्तात भागवलं. 'डॉक्टर हू'च्या 'द आर्क इन स्पेस'मध्ये (1975) डॉक्टरची सोबतीण सारा केबल ओढत नळीतून सरपटते आणि अडकते. डॉक्टर धीर देत नाही. वाट्टेल ते टाकून बोलतो, आणि ती संतापाच्या भरात बाहेर पडते.

पुढे मात्र बोळ म्हणजे पटकथेचा चोरदरवाजा झाला. लिफ्ट बंद? शत्रू दाराशी? शिरा ट्यूबमध्ये! 'नेक्स्ट जनरेशन' आणि 'व्हॉयेजर' या 'स्टार ट्रेक'च्याच पुढच्या मालिकांनी ही युक्ती पार झिजवली. ट्यूब लेखकाला हवी तिथे उघडते, आणि आत कुणी साधा पाना फिरवताना क्वचितच दिसतो. 'एंटरप्राइझ' या नंतरच्या मालिकेतला 'द कॅटवॉक' (2002) हा भाग सुखद अपवाद. वादळापासून वाचायला सगळे जण इंजिनाशेजारच्या देखभालमार्गात आठ दिवस कोंबून राहतात. स्वयंपाक तिथेच, शौचालयाची सोयही तिथेच करायची. यानाला आतून किती जागा आहे, हे तेव्हा प्रथमच अंगावर येतं.

आता पैसा आहे, संगणकी चित्रं आहेत, आणि नेमकी अडचणच गायब झाली आहे. 'स्टार ट्रेक'च्याच 'डिस्कव्हरी' मालिकेच्या तिसऱ्या पर्वाच्या शेवटी लिफ्ट यानाच्या पोटातल्या अफाट पोकळीतून धावतात. एवढी जागा रिकामी ठेवणारा कुठला इंजिनिअर? गंमत अशी, की बोळांची कदर ठेवली ती 'लोअर डेक्स' या 'स्टार ट्रेक'च्या कार्टूनने. तिथे दिवाणखाना काढायला जेवढी शाई, तेवढीच बोळाला. तरी ते बोळच काढतात. दुसऱ्याच भागात (2020) रदरफोर्ड हा तरुण इंजिनिअर मैत्रिणीसोबत पल्सार पाहता यावा म्हणून इंजिनिअरिंग सोडतो, बाकीची खाती पालथी घालतो आणि पुन्हा ट्यूबमध्येच रांगायला येतो. त्याला ते काम आवडतं, बस.