ज्ञानाचे आसन : माता-बालकाच्या काही मध्ययुगीन मूर्ती

माता-बालकाच्या मध्ययुगीन ख्रिस्ती मूर्तींविषयी लिहिणारे बहुधा 'वात्सल्य' या एका शब्दावर आपले काम भागवितात. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपणही तेच सांगत आलो आहोत. परंतु फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रांतात बाराव्या शतकात कोरलेल्या काष्ठमूर्ती पाहिल्या की हा शब्द अपुरा पडतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांपैकी एक, अक्रोडाच्या लाकडाची, आहे. मरिया ताठ बसली आहे आणि तिची दृष्टी बाळाकडे नाही, समोर आहे. बाळही तिच्याकडे वळलेले नाही. त्याचा चेहरा प्रौढाचा आहे. शिल्पकाराला बालक साधले नाही, असा शेरा आम्ही अनेकदा ऐकला आहे. ज्याने वस्त्राच्या चुण्या इतक्या नेमक्या कोरल्या, त्याला बाळाचे गाल कोरता आले नसते, हे आम्हांस पटत नाही.

या मूर्तिप्रकाराला 'ज्ञानाचे आसन' असे नाव आहे. शलमोनाने हस्तिदंती सिंहासन करवून ते सोन्याने मढविले (१ राजे १०:१८). मध्ययुगीन भाष्यकारांनी त्या सिंहासनात मरियेची पूर्वछाया पाहिली. मांडीवर बसलेला तो देवाचे ज्ञान, देहधारी झालेला शब्द. आसनाने स्वतःकडे लक्ष वेधून घ्यायचे नसते. म्हणून तिचा चेहरा निर्विकार आहे. इ.स. ४३१ मध्ये एफिसच्या धर्मपरिषदेने मरियेला 'देवमाता' म्हटले, ते मुळात ख्रिस्ताविषयीचे विधान होते. हे लाकूडही तेच बोलते.

जर्मनीतील एसेनची मूर्ती याहूनही जुनी, इ.स. ९८० च्या सुमाराची. लाकडी गाभ्यावर सोन्याचा पत्रा, उंची ७४ सेंटिमीटर. मरियेच्या उजव्या हातात एक गोल आहे. काहींना तो राजगोल वाटतो, काहींना हव्वेचे फळ. दुसऱ्या अर्थाकडे आमचा कल आहे : पहिल्या स्त्रीने घेतलेले फळ नवी हव्वा पुत्रापुढे धरते.

तेराव्या शतकात आमिएँच्या कॅथेड्रलमधील मरिया बाळाकडे पाहून हसू लागली. समीक्षक याला 'विकास' म्हणतात. ख्रिस्ताचे खरे मनुष्यत्व तेथे निश्चितच जवळ आले. पण बाळाच्या मुद्रेवरील अधिकार कमी झाला, हेही मान्य केले पाहिजे.

उघडणाऱ्या मूर्तींचा प्रश्न अधिक बिकट आहे. मरियेचा देह दोन दारांसारखा उघडतो आणि आत पवित्र त्रैक्य दिसते : पिता, आणि त्याच्या हाती क्रूसावरचा पुत्र. पंधराव्या शतकाच्या आरंभी पॅरिस विद्यापीठाचे कुलपती जाँ जेर्सों यांनी अशा मूर्तीवर आक्षेप घेतला. संपूर्ण त्रैक्यानेच मरियेपासून देह धारण केला, असा भ्रम तीतून होतो. सिद्धांतदृष्ट्या त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. तथापि बंद मूर्तीतील बाळ आणि उघड्या मूर्तीतील क्रूस यांचा संबंध त्या शिल्पकाराने जसा दाखविला, तसा नाताळच्या आपल्या किती प्रवचनांत दिसतो? जेर्सोंच्या आक्षेपास उत्तर म्हणून एवढेच पुरेसे नाही, याची आम्हांस जाणीव आहे. मूर्तीची दारे उघडताना शेजारी समजावून सांगणारा कोणी उभा होता की नाही, यावर पुष्कळसे अवलंबून असले पाहिजे.