वाचवत नाही ती कादंबरी थोर कशी?

बाईनं लिहिलेली कादंबरी एका बैठकीत वाचून झाली तर ती हलकी आणि चाळिसाव्या पानावर मिटवावीशी वाटली तर सखोल, असा हिशेब मराठी समीक्षेत मुकाट चालू आहे. अलीकडेच एका परीक्षणात लेखिकेला 'प्रवाही कथनाच्या मोहात' पडल्याबद्दल बोल लावलेला वाचला आणि राहवलं नाही. कथन प्रवाही असणं हे कादंबरीकाराचं पहिलं काम आहे. त्याला मोह कसला म्हणता?

2005 साली कविता महाजनांची 'ब्र' आणि मेघना पेठ्यांची 'नातिचरामि' या दोन कादंबऱ्या आल्या. 'नातिचरामि'वर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं, तिची धग मलाही मान्य आहे. पण रस्ता दाखवला तो 'ब्र'नं. आदिवासी पाड्यांवरच्या महिला सरपंच, त्यांना खुर्चीवर बसू न देणारे पुरुष, स्वयंसेवी संस्थांचे आतले व्यवहार, हा सगळा अहवालाचा ऐवज. तो प्रफुल्लाच्या हाती सोपवल्यावर काय होतं पाहा. नवऱ्यापासून तुटलेली, मुलासाठी झुरणारी ही बाई गावोगाव हिंडते, एकेकीचं ऐकून घेते, आणि प्रत्येकीच्या हकिकतीतून तिचा स्वतःचा आवाज थोडा मोकळा होतो. पुढच्या गावात कोण भेटेल या उत्सुकतेनं आपण पान उलटतो आणि पंचायत राज नावाची गोष्ट कळून चुकते. 'भिन्न'मध्ये एड्ससारखा विषय घेऊनही महाजनांनी वाचकाचं बोट सोडलं नाही.

त्याआधी गौरी देशपांडे होत्याच. देवगडच्या ज्या वाचनालयात मी जातो तिथं त्यांच्या पुस्तकांमागच्या चिठ्ठ्या तारखांच्या शिक्क्यांनी भरून दुसऱ्या चिकटवाव्या लागल्या आहेत. शांता गोखल्यांची 'रीटा वेलिणकर' (1990) इस्पितळात कोलमडून पडलेल्या बाईची गोष्ट सांगते, तरी तिच्यात एक जड वाक्य सापडणार नाही. शिल्पा कांबळ्यांची 'निळ्या डोळ्यांची मुलगी' मुंबईच्या वस्तीतलं जगणं ज्या वेगानं सांगते, तो वेग मला आजच्या लेखनात सर्वांत आश्वासक वाटतो.

परदेशातल्या खिडकीतून बर्फ बघत स्वतःला शोधणाऱ्या नायिका आता पुरे. पुराणातल्या राण्यांच्या जाडजूड प्रथमपुरुषी कैफियतींबद्दल तर बोलायलाच नको.

आमच्याकडे मागणी साधी असते. बंदरावर मासळीचा लिलाव आटोपून आलेली एक बाई वाचनालयाच्या टेबलाशी म्हणाली, "बायलमाणसान लिवलेली कादंबरी दी, वाचूक घेतलंय काय सोडूक जीव होवचो नाय अशी." तिला काय दिलं? अनुवाद. सलमांची तमिळ कादंबरी, 'मध्यरात्रीनंतरचे तास', सोनाली नवांगुळांनी मराठीत आणलेली. अनुवाद उत्तम आहे, 2020चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला. पण तमिळनाडूतल्या घरांमधल्या बायका या बाईपर्यंत पोचतात आणि देवगडच्या घरांमधल्या पोचत नाहीत, याची लाज कुणालाच वाटत नाही का?

या किनाऱ्याची बाई खानोलकरांनी लिहिली, दळवींनी लिहिली. मोठे लेखक, वाद नाही. पण ती त्यांना दिसली तेवढी लिहिली. आंब्याच्या दिवसांत पहाटेपासून पेट्या भरणारी, खलाशी नवरा समुद्रात असताना संसार ओढणारी, मासळीचा भाव घासाघीस करून ठरवणारी बाई आतून लिहायला बाईच हवी. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (2003) लाकूडफाट्याचे भारे डोक्यावर घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायका आहेत. थकलेल्या, हसणाऱ्या, एकमेकींची उणीदुणी काढणाऱ्या. ते आत्मचरित्र आहे, पण आजच्या कादंबऱ्यांहून अधिक खिळवून ठेवतं.

तसं लिहू शकणाऱ्या मुली याच तालुक्यात आहेत. महाविद्यालयांच्या नियतकालिकांतून त्यांच्या गोष्टी मी वाचतो. पण एकीला कुणी जाणत्यानं सांगितलं की भाषा सोपी आहे, आशय गुंतागुंतीचा करा, आणि पुढची गोष्ट तिनं अशी लिहिली की ती तिच्या आईलाही कळेना. हा सल्ला देणाऱ्यांशी माझं भांडण आहे. गुंतागुंत जगण्यात भरपूर आहे, ती वाक्यात आणायची गरज नाही. प्रकाशकांनी अशा मुलींची हस्तलिखितं मागवून घ्यावीत, संपादकांनी त्यांच्यासोबत बसावं, आणि समीक्षकांनी निदान त्यांची वाचकसंख्या त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून मांडू नये.