कडेला सरकलेला आस

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात राहणाऱ्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन या शिकाऱ्याने २३ जून १९६६ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. मंजुरी आली ३० डिसेंबर १९६९ रोजी आणि क्रमांक पडला ३,४८६,४९५. त्या पेटंटचं शीर्षक मराठीत आणायचं तर साधारण असं होईल: ओढीचं बळ वाढवणाऱ्या जोडण्या बसवलेलं धनुष्य.

पेटंटची शीर्षकं कुणी चवीने वाचत नाही, वकीलसुद्धा नाहीत. या शीर्षकातल्या दोन शब्दांपाशी मात्र मी दरवेळी थांबतो. पहिला शब्द ‘जोडण्या’. हजारो वर्षं चालत आलेला धनुष्याचा स्वभाव ज्याने उलटापालटा केला, तो आपण नवं धनुष्य घडवलं असं म्हणतच नाही. आहे त्या धनुष्याला काही जोडलं म्हणतो, राहत्या घराला पडवी काढावी तसं. दुसरा शब्द ‘बळ वाढवणाऱ्या’. अ‍ॅलनचं हे धनुष्य, ज्याला आज कंपाउंड म्हणतात, पहिल्यांदा ओढणारा माणूस नेमकं उलट सांगतो: अरे, हे तर शेवटी हलकं झालं! अ‍ॅलनची नजर ओढणाऱ्याच्या खांद्यावर नव्हती, बाणावर होती. दोरीचा टणत्कार हरणाच्या कानी आधी पोचतो आणि बाण पोचेपर्यंत ते जागा सोडतं, ही धनुष्याने शिकार करणाऱ्यांची जुनी कुरकुर. बाण वेगाने जायला हवा होता. खांद्याला मिळालेली सूट हा त्यातला वरकड लाभ. पुढे सगळं जग त्या वरकडीवरच भाळलं.

पहिला नमुना कसा बनला ते ऐकून रिकर्व्हवर प्रेम करणारा माणूस आजही कळवळतो. अ‍ॅलनने एका साध्या रिकर्व्हची दोन्ही टोकं करवतीने उडवली. रिकर्व्हचं सारं देखणेपण त्या टोकांत असतं. हंसाची मान वळावी तशी ती पुढे वळलेली असतात, आणि धनुष्य भिंतीवर टांगावंसं वाटतं ते त्या वळणामुळे. तीच कापून त्याने तिथे कप्प्या बसवल्या आणि त्यांवरून जास्तीच्या दोऱ्या, म्हणजे केबल, फिरवल्या. आधुनिक तिरंदाजीतली सर्वांत मोठी कल्पना जन्मली ती अशी कुरूप.

कप्पी आपल्याला नवी नाही, विहिरीवरचा रहाट माहीत असलेल्याला तर मुळीच नाही. पण रहाटाच्या कप्पीचा आस बरोबर मध्यावर असतो. बैलगाडीच्या चाकाचा आस बोटभर जरी सरकला तरी गाडी लंगडत चालेल आणि गाव सुताराला नावं ठेवेल. अ‍ॅलनच्या चाकाचा आस मुद्दाम कडेला सरकवलेला आहे. या धनुष्याचं मर्म मला विचाराल तर ते या सरकवण्यात आहे, बाकीचा पसारा त्याच्या सोयीसाठी. आस कडेला असल्यामुळे चाक फिरताना दोरी आणि केबल यांच्या वाट्याला येणारी तरफ बदलत राहते. सुरुवातीला दोरीकडे चाकाची आखूड बाजू असते, म्हणून ओढ जड लागते. चाक वळत जातं तशी दोरीकडे लांब बाजू येते, केबलकडे आखूड, आणि तीच ओढ हलकी होते. सुतारकामातली चूक इथे सारा हिशेब सांभाळते.

हे समजायला सोपं आहे, अनुभवायला वेगळं. साधं धनुष्य ओढताना जोर एका चढणीने वाढत जातो. हनुवटीशी दोरी आली की तो सर्वांत जास्त असतो, आणि नेमकं त्याच क्षणी स्थिर राहून नेम धरायचा असतो. निसर्गाने धनुर्धराची केलेली ही थट्टाच म्हणायची. कंपाउंडच्या ओढीला चढण आहे, माथा आहे आणि पलीकडे उतार आहे. खांदा आधी कुरकुरतो, मध्यावर ‘आता नाही जमत’ म्हणायला लागतो, आणि मग काहीतरी कलंडतं, घाट संपून गाडीने पठारावर यावं तसं. तिरंदाज त्याला ‘लेट-ऑफ’ म्हणतात. सत्तरच्या दशकातल्या गोल चाकांच्या धनुष्यांत ही सूट जास्तीत जास्त निम्म्याच्या आसपास असे; आजच्या धनुष्यांत ती ऐंशी टक्क्यांवर जाते. म्हणजे साठ पाउंडांचं धनुष्य ओढून धरलेल्या बोटांना बारा पाउंडही जाणवत नाहीत.

सुटलेल्या बाणाचीही कथा उलटी होते. रिकर्व्हमध्ये बाणाला पहिलाच धक्का सर्वांत मोठा बसतो, त्यामुळे तो सुटताना मासळीसारखा वळवळतो. कंपाउंडमध्ये ढकलणं हळुवार सुरू होतं, मध्ये भरात येतं आणि मग ओसरतं. ओढीचा आलेख काढला तर रिकर्व्हचा तिरप्या रेघेसारखा दिसतो आणि कंपाउंडचा टेकडीसारखा. त्या रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे साठवलेली ऊर्जा. तेवढ्याच कमाल जोरात टेकडीच्या पोटात तिरप्या रेघेपेक्षा बरंच जास्त मावतं. बाणाचा जास्तीचा वेग येतो तो तिथून. माझ्या मते कंपाउंड धनुष्याचं सौंदर्य त्या टेकडीत आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, खांद्याला कळतं. डोळ्यांना दिसतात त्या तारा, चाकं, नटबोल्ट, आणि धनुष्याऐवजी सायकलच्या दुकानातला अर्धवट जमवलेला सांगाडा असावा असा एकूण प्रकार.

आता जोर गेला कुठे? माथा ओलांडल्यावर बोटांना हलकं वाटतं तेव्हा धनुष्याची पाती सर्वांत जास्त वाकलेली असतात. (तिरंदाज पात्यांना ‘लिंब’ म्हणतात. शिकायला आलेल्या मराठी पोरांना पहिल्या दिवशी त्यावर हसू येणारच.) ओझं नाहीसं झालेलं नसतं. ते केबलवर टांगलेलं असतं. माणसाचा विसावा धनुष्याच्या खाती नावे पडतो.

जुनी कंपाउंड धनुष्यं बाजारात इतकी स्वस्त का जातात, हे कोडं इथून सुटायला लागतं. आपल्याकडे ‘शिवधनुष्य पेलणं’ म्हणतात. त्यातली परीक्षा बाण मारण्याची नाही, प्रत्यंचा चढवण्याची आहे. प्रत्यंचा चढवणं आणि उतरवणं हे धनुष्याचं जागणं आणि झोपणं. इंग्लंडचा लाँगबो असो की फ्रेड बेअर यांच्या मिशिगनमधल्या ग्रेलिंगच्या कारखान्यातला रिकर्व्ह, काम झालं की दोरी उतरवायची, आणि लाकूड, काच, सरस सगळं सैलावतं. कंपाउंडची दोरी अशी उतरत नाही. ती नुसत्या हाताने चढवता-उतरवता येत नाही, त्याला सहसा खास दाबयंत्र लागतं. म्हणून १९७५ साली कुणी मिझुरीत विकत घेतलेलं धनुष्य गॅरेजच्या खुंटीवर अडकवलं असेल, तर ते तेव्हापासून ताणलेलंच आहे. मालक वारला, मुलं शहरात गेली, गॅरेजमध्ये उन्हाळे तापले, हिवाळे गोठले, आणि ते मात्र डोळा न लावता उभं.

जुन्या धनुष्याकडे जाणता संग्राहक कसा बघतो ते म्हणूनच पाहण्यासारखं असतं. तो आधी दोरी ओढत नाही. कापसाचा बोळा घेऊन पात्यांवरून, कडांवरून हळूच फिरवतो. फायबरग्लासचा एखादा तंतू सुटला असेल तर कापूस तिथे अडकतो, आणि अडकला की ते धनुष्य फक्त भिंतीसाठी. मग तो पोलादी केबलची टोकं तपासतो. जुन्या धनुष्यांत केबलच्या टोकाला अश्रूच्या आकाराचा धातूचा तुकडा असे आणि दोरी त्यात अडकवलेली असे. त्या सांध्याशी तारेचा एक पदर जरी उकलला असेल तर तो पाऊल मागे घेतो. बाण न लावता दोरी सोडायची नाही हा धनुर्विद्येचा नियम सगळ्याच धनुष्यांना लागू आहे, पण इथे तो मोडणाऱ्याच्या हातात पाती फुटू शकतात. आजचे न ताणणारे धागे जुन्या धनुष्यावर चढवू नयेत, हेही याच कारणाने. जुन्या पात्यांना डॅक्रॉनच्या दोरीचा मऊपणा लागतो.

मग तो चिठ्ठी शोधतो. सत्तरीतल्या आणि ऐंशीच्या पूर्वार्धातल्या कित्येक कंपाउंड धनुष्यांवर, कंपनी कुठलीही असो, अ‍ॅलनच्या पेटंटचा क्रमांक छापलेला सापडतो. परवाना घेऊन बनवल्याची ती खूण. त्या काळी अमेरिकन पेटंट मंजुरीपासून सतरा वर्षं टिकत असे, म्हणजे हे १९८६ च्या डिसेंबरात संपलं. तेव्हा ती मळकी चिठ्ठी म्हणजे धनुष्याची जन्मपत्रिका. त्या क्रमांकामागे भांडणंही भरपूर आहेत. अ‍ॅलनचा पहिला मोठा साथीदार टॉम जेनिंग्ज. इतर धनुष्यकार त्या चाकांच्या सांगाड्याला हसत होते तेव्हा याने ते गंभीरपणे घेतलं आणि परवाना घेऊन कंपाउंड बनवायला सुरुवात केली. पुढे त्याच्याच कंपनीशी कोर्टात गाठ पडली. ब्राउनिंग कंपनीविरुद्धच्या खटल्यात १९८७ साली वरच्या कोर्टाने पेटंट ग्राह्य धरलं, तोवर अ‍ॅलनला जाऊन आठ वर्षं झाली होती. १९७९ च्या जूनमध्ये तो मोटार अपघातात गेला. आपल्या धनुष्याने जग पालटलेलं त्याने पाहिलं. पैशाचे हिशेब मात्र त्याच्या माघारी लागत राहिले.

आणि किंमत? अमेरिकेतल्या घरगुती विक्रीत सत्तर-ऐंशीच्या दशकातलं नेहमीचं कंपाउंड, समजा बेअरचं खूप खपलेलं ‘व्हाइटटेल हंटर’, बहुतेक वेळा शंभर डॉलरच्या आत जातं. एक डझन चांगले नवे बाण त्याहून महाग पडतात. आजोबांचं धनुष्य घेऊन मोठ्या आशेने आलेला नातू हा आकडा ऐकून हिरमुसतो. उलट त्याच बेअर कंपनीचा १९५९ चा कोडियाक रिकर्व्ह चांगल्या अवस्थेत असला तर त्यासाठी लोक रांगेत उभे असतात. मुठीत बसवलेलं नाणं कोणत्या धातूचं आहे यावरून त्याचा काळ ठरवतात आणि नाण्यावर तासन्‌तास वाद घालतात. रिकर्व्ह जुना झाला तरी धनुष्यच राहतो. आजही ओढा, तो १९५९ इतकंच देईल. कंपाउंडचं मोल त्याच्या कामात होतं, आणि काम दरवर्षी नवं धनुष्य अधिक चांगलं करतं. १९९२ साली मॅथ्यूज कंपनीने एकाच कॅमचं (कॅम म्हणजे गोलाई सोडलेलं चाक) धनुष्य आणलं आणि दोन गोल चाकांचा जमाना एका झटक्यात जुना दिसू लागला. जुना संगणक कुणी जपत नाही, जुनी पेटी जपतात; तसंच हे. अपवाद आहे तो आरंभाचा. अ‍ॅलनच्या स्वतःच्या नावाचं, लाकडी मुठीचं, जास्तीच्या कप्प्यांचं धनुष्य आणि जेनिंग्जची अगदी सुरुवातीची काही. त्यांची बोली शेकड्यांत जाते. त्यांवर कुणी नेम धरत नाही. बाजाराचा हा निवाडा मला निष्ठुर वाटतो, पण खोटा वाटत नाही.

तरीही मधली धनुष्यं, ज्यांना ना आरंभाचा मान ना आजची धार, मला जास्त आवडतात. त्यांत कल्पना कशी सुटसुटीत होत गेली ते दिसतं. चार चाकांची दोन झाली, मुठीचं लाकूड जाऊन धातू आला, गोल चाकाला कोन फुटले आणि त्याचा कॅम झाला. प्रत्येक पायरीवर काहीतरी गळून पडलंय. टिकला आहे फक्त तो कडेचा आस.

तो साताऱ्यापर्यंत येऊन पोचलाय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात पंधरा बाणांत दीडशेपैकी दीडशे गुण घेतले. पन्नास मीटर अंतर, आणि प्रत्येक बाण त्या पिवळ्या दहात. १९९५ पर्यंत ज्या प्रकाराला जागतिक स्पर्धेत जागाच नव्हती, त्यात ही दोन मराठी पोरं. त्यांचे बाण सुटण्याआधीचे दोन-तीन सेकंद पुन्हा पाहा. हात ओढलेला, चेहरा शांत, श्वास अर्धा सोडलेला. घाट चढून झालेला असतो. आपण बघतो तो पठारावरचा विसावा, मिझुरीतल्या एका कापलेल्या रिकर्व्हने दिलेला.

संग्राहक मात्र त्या जुन्या धनुष्याला थोडा तरी विसावा द्यायला बघतो. भिंतीवर चढवण्याआधी तो पाना घेऊन वरचा बोल्ट सैल करतो, मग तितकेच फेरे खालचा, पुन्हा वरचा. एकाच बाजूने सोडलं तर चाकं तिरकी होतात. पाती किंचित सरळावतात, केबलचा सूर उतरतो. आणखी दोन फेरे द्यायचा मोह होतो, पण बोल्ट पुरता निघाला तर पातं उडेल, म्हणून हात थांबवावा लागतो. दोरी चढलेलीच राहते.