टिंब कुणाचं?

चिन्ह, त्याचा अर्थ आणि त्यानं दाखवलेली वस्तू या तीन वेगळ्या गोष्टी, असं फ्रेगेनं १८९२ च्या निबंधात मांडलं. आज आपण हा भेद परभणीच्या काळ्या रानात नेऊन बघू.

दोन एकर वीस गुंठे आपण २.२० असं लिहितो. एकराचे गुंठे ४०, म्हणजे हे झालं अडीच एकर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, म्हणून आपण कॅल्क्युलेटरवर २.२० गुणिले ०.४०४७ दाबतो. येतं ०.८९ हेक्टर. खरं उत्तर १.०१. बारा गुंठे गेले की हो! भावाभावांत एवढ्यावर बोलणं बंद होतं.

दोष यंत्राचा? अर्धाच. टीआय-८४ सारखा ग्राफिंग कॅल्क्युलेटर २.५ चे २ अंश ३० मिनिटं चटकन करून देतो. म्हणजे साठाचं टिंब त्याला शिकवलंय, आपलं चाळिसाचं नाही. तो २.२० ला दशांशच समजणार. आपण २ + २० ÷ ४० असं दाबायला हवं.

दुसरी तक्रार पडद्याची. मोडमध्ये फ्लोट काढून दोन दशांश ठेवले की १.०१ दिसतं, आत १.०११७५ शाबूत असतं. सेटिंगनं दिसणं बदलतं, असणं नाही. पण आपण पडद्यावरचा आकडा कागदावर उतरवतो आणि पुढचा हिशेब त्यावरच करतो. तिथं साडेसतरा चौरस मीटर गळतात, अन् पडदा गप्प. शून्य दशांश ठेवले तर नुसता १!

हेक्टर-आरचं टिंब शंभराचं, म्हणून ते दशांशाशी जुळतं. फक्त एक हेक्टर पाच आर असेल तर १.०५ लिहा, १.५ नको.