‘रागा-जॅझ स्टाइल’ : उणीव वाद्याची की विस्ताराची?

शंकर-जयकिशन यांची ‘रागा-जॅझ स्टाइल’ ही ध्वनिमुद्रिका १९६८ साली प्रसिद्ध झाली. तीत रईस खान यांच्या सतारीच्या जोडीस मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन व जॉन परेरा यांचा ट्रंपेट ही सुषिर वाद्ये असून तोडी, भैरवी आदी अकरा राग जॅझच्या अंगाने मांडले आहेत.

अशा प्रयोगांवर नेहमीचा आक्षेप असा की, कळांनी बांधलेल्या विलायती वाद्यातून मींड किंवा तोडीचा अतिकोमल गंधार निघावयाचा नाही. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. सॅक्सोफोनचा सूर केवळ कळांवर ठरत नाही. वादकाच्या ओठांच्या दाबानेही तो चढतो-उतरतो. कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी याच वाद्यावर कर्नाटक संगीतातील गमके सिद्ध करून हा वाद निकालात काढला आहे.

मग उणीव कोठे? हुबळीच्या विद्यानगरात बसून ऐकणाऱ्यास ती चटकन जाणवते. याच शहरी राहिलेल्या गंगूबाई हनगल (१९१३–२००९) एकेक स्वर आळवीत राग उलगडीत. येथे एका तबकडीत अकरा राग दाटले आहेत. त्यामुळे रागाची धून होते, बढत होत नाही. उत्स्फूर्त विस्तार हा तर जॅझचाही धर्म. म्हणजे दोन्ही परंपरांचे जे समान धन, तेच येथे आखूड पडले.

तरीही या प्रयोगाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. सॅक्सोफोन रागाला परका नाही, हे त्याने दाखविले. राग स्थिरावण्यास लागणारा अवकाश मात्र त्याला देता आला नाही.