एकादशीचे बोलपट

सुरतेकडे दिवाळीत व्यापारी नव्या चोपड्यांची पूजा करतात. हजिऱ्याच्या वाटेवरील इच्छापोर गावी आमचे बिऱ्हाड असल्याने गेल्या दिवाळीत आम्हीही एक कोरी वही उघडली. मात्र तीत जमाखर्च न मांडता, पाहावयाचे राहून गेलेले चोवीस नामांकित चित्रपट मांडले. वर्षाच्या चोवीस एकादशा, दर एकादशीच्या रात्री घरच्या पडद्यावर एक चित्रपट, असा हा संकल्प. अधिक मास आल्यास आणखी दोन, ही मुलांची पुरवणी मागणी.

वकिलीत तारखा मागून घेण्याची सवय जडते आणि ती घरातही शिरते. 'संत तुकाराम' सर्वांनी एकत्र बसून पाहू, असे वडील वर्षानुवर्षे म्हणत आणि आम्ही पुढली तारीख घेत असू. वडील गेले. आता आईच्या एका डोळ्याची दृष्टी मंदावली आहे. तेव्हा पहिला क्रम त्याच चित्रपटास दिला.

दामले-फत्तेलाल यांच्या या १९३६ च्या प्रभात-चित्राची १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु कीर्तीने दबून पाहिलेला चित्रपट खऱ्या अर्थाने पाहिलाच जात नाही. विष्णुपंत पागनीस दिसताच आईने हात जोडले. वैकुंठाचा गरुड उतरला तेव्हा मुले हसली. आम्हांस दोहोंतही वावगे वाटले नाही. चमत्कारांची दृश्ये ही या कृतीची दुबळी बाजू होय, आणि असे म्हटल्याने देवाचा उपमर्द होतो असे आम्ही मानीत नाही. तिचे बळ गौरी यांनी उभ्या केलेल्या जिजाईत आहे. म्हैस धुणारी, पोरांच्या पोटाची चिंता वाहणारी ही बाई आजारी मुलास एका हाताने ओढीत, दुसऱ्या हातात पायताण घेऊन विठ्ठलाच्या देवळात शिरते, तेव्हा भक्तीविरुद्ध प्रपंचाची फिर्याद पुरती नोंदली जाते. दिग्दर्शकांनी तिला केवळ कजाग ठरवून फिर्याद काढून टाकलेली नाही. म्हणूनच तुकोबांची विरक्ती खरी वाटते. ज्या संतपटांत प्रतिपक्षाला तोंडच नसते, तेथे संताचा विजय एकतर्फी हुकूमनाम्यासारखा पोकळ असतो. आईला आम्ही हे सारे सांगू लागलो, तर ती कोंकणीत एवढेच म्हणाली, "तिचें कितें चुकलें?"

वकिलास मोह पडावा असे आणखी एक प्रकरण याच कथेत आहे. सालोमालो तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवितो. उलट, या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद इतके एकजीव झाले की पुष्कळांनी ते तुकोबांचेच मानले. पडद्यावर चोरी आणि पडद्यामागे दान!

घरी पाहण्यात एक मोठा तोटा मात्र आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला (२०१४) बसलो त्या रात्री कोणास पाणी हवे झाले, कोणाचा दूरध्वनी वाजला, आणि चित्र तीनदा थांबविले. ज्या कृतीचे सामर्थ्यच कॅमेऱ्याच्या दीर्घ, निश्चल पाहण्यात आहे, तिचे अशाने तुकडे होतात. चित्रगृहात आपण थांबत असू, चित्र थांबत नसे. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला: लावलेले चित्र थांबवावयाचे नाही.

त्याच्या आधीच्या एकादशीस 'रामशास्त्री' (१९४४) झाला होता. तेथे न्यायाधीश सत्ताधीशास दोषी ठरवितो. येथे वृद्ध शाहीर कोठडीत असताना न्यायालय उन्हाळी सुटीसाठी दिवे मालविते. पहिल्याने आमची छाती फुगली, दुसऱ्याने मान खाली गेली. चित्रपट म्हणून आमचे मत दुसऱ्याच्या पारड्यात पडते, कारण ज्या इमारतीत आम्ही रोज जातो ती त्यात ओळखू आली. सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, हे दृश्य आमच्या सौभाग्यवतींनी मात्र अधिक जाणतेपणे पाहिले.

ही वही पुरी भरणार नाही, हेही कळून चुकले. 'आलम आरा'ची (१९३१) एकही प्रत उरलेली नाही; 'राजा हरिश्चंद्र'चा (१९१३) काही भागच हाती आहे. धाकट्याने दोन्ही नावे तरीही लिहिली आणि पुढे रकाना कोरा ठेवला. कोंकणीपैकी फ्रँक फर्नांड यांचा 'निर्मोण' (१९६६) आईच्या आग्रहाने श्रावणासाठी राखून ठेवला आहे.

येत्या एकादशीस 'शेजारी' (१९४१) ठरला होता. वरच्या मजल्यावरील गुजराती कुटुंबाने यावयाची इच्छा दर्शविली, तेव्हा व्ही. शांताराम यांनी त्याच कथेवर केलेला हिंदी 'पडोसी' लावावयाचे ठरले. त्यात हिंदू ठाकूर मझहर खान यांनी आणि मुसलमान मिर्झा गजानन जागीरदार यांनी रंगविला आहे. आमचे रामशास्त्रीही तेच. मराठीतला केशवराव दात्यांचा जिवबा हुकेल याची आईस रुखरुख आहे. त्यास पंधरा दिवसांची तारीख दिली आहे.