सभागृह सोडून गेलेली मिथके

ग्रीक पुराणकथांना इंग्रजी कादंबरीत सध्या भरती आली आहे. मॅडलिन मिलर यांच्या ‘द साँग ऑफ अकिलीस’ला २०१२ मध्ये ऑरेंज पारितोषिक मिळाले. २०१८ मध्ये त्यांची ‘सर्सी’ आणि पॅट बार्कर यांची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ आली. मग आरिआड्नी, इलेक्ट्रा, मेडुसा अशी एकेक व्यक्तिरेखा कादंबरीची नायिका झाली. या लाटेत भाषेची सफाई आहे, होमरचा व्यासंगही आहे. राज्यसत्तेचा विचार मात्र नाही. राजा कोणत्या अधिकाराने आज्ञा देतो, सभा गप्प का बसते, आज्ञा मोडणाऱ्याचे काय होते, हे प्रश्न तिने दाराबाहेर ठेवले आहेत.

अथेन्सच्या रंगभूमीवर हेच प्रश्न केंद्रस्थानी होते. एस्किलसची ‘ओरेस्टिया’ इ.स.पू. ४५८ मधली. त्याच्या तीन-चार वर्षे आधी एफिआल्टीसने आरिओपागस या उमरावांच्या मंडळाचे बहुतेक अधिकार काढून घेतले होते. नाटकात अथीना देवी तेच मंडळ खुनाचा न्याय करण्यासाठी स्थापन करते. प्रेक्षकाला त्या जुन्या कथेत आपल्याच नगरातला ताजा वाद दिसत होता.

हा वारसा खऱ्या अर्थाने पुढे नेला तो दडपशाहीत जगलेल्या लेखकांनी. पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा वोल्फ यांच्या ‘कासांड्रा’मध्ये (१९८३) ट्रॉय बाहेरच्या शत्रूने पडण्याआधीच आतून सडू लागते. युमेलोस हा सुरक्षाप्रमुख राजवाड्यात पाळत बसवतो, कालच्या पाहुण्याला हेर ठरवतो आणि कोणते शब्द वापरायचे हेही ठरवून देतो. जिच्यासाठी युद्ध चालले आहे ती हेलन ट्रॉयमध्ये नाहीच, हे सत्य उच्चारणे गुन्हा ठरते. या कादंबरीसोबतच्या व्याख्यानांतील काही मजकूर पूर्व जर्मनीतील आवृत्तीत कापला गेला, यावरून तिचा नेम कुठे लागला होता ते कळते.

इस्माईल कादारे यांची ‘अ‍ॅगामेम्नॉनची कन्या’ याहून धारदार आहे. तिराना शहरात मे दिनाचे संचलन चालू आहे. निवेदकाच्या प्रेयसीचे वडील सत्तेच्या शिखराजवळ पोहोचले आहेत आणि त्यांच्या पदासाठी तिने हे प्रेम सोडले आहे. निवेदकाला अ‍ॅगामेम्नॉनने ट्रॉयच्या मोहिमेसाठी दिलेला स्वतःच्या मुलीचा, इफिजेनियाचा बळी आठवतो. नेत्याने स्वतःचे अपत्य दिले की पुढे कोणाकडूनही काहीही मागायचा हक्क त्याला मिळतो, हा कादारे यांचा अर्थ. बळी जाणाऱ्या मुलीचे दुःख आणि हुकूमशाहीची कार्यपद्धती इथे एकाच प्रसंगात उलगडतात. हे हस्तलिखित अल्बेनियाबाहेर चोरून न्यावे लागले; पुस्तक निघाले २००३ मध्ये.

लोकशाहीतही हे साधते, हे कमिला शम्सी यांच्या ‘होम फायर’ने (२०१७) दाखवले. दहशतवाद्यांना जाऊन मिळालेल्या तरुणाचा मृतदेह ब्रिटनमध्ये आणू न देणारा गृहमंत्री हा त्यांचा क्रेऑन, म्हणजे सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’त दफनाला मनाई करणारा राजा. त्याच्या हाती नागरिकत्वाचा कायदा आहे आणि मागे मतदार आहेत. म्हणूनच तो सोफोक्लीसच्या राजापेक्षा अधिक भयावह वाटतो. किशोरांसाठी लिहिलेल्या ‘हंगर गेम्स’नेही (२००८) क्रीटला मुले पाठवणाऱ्या अथेन्सच्या कथेतून खंडणीवर चालणारी राजवट उभी केली. ‘पर्सी जॅक्सन’ मालिकेत मात्र ऑलिंपसची सत्ता शेवटी अबाधित राहते. त्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही.

नव्या लाटेचे समर्थक म्हणतात की या कादंबऱ्यांनी स्त्रियांना आवाज दिला. तो आवाज युरिपिडीसने इ.स.पू. ४१५ मध्ये ‘ट्रोजन विमेन’मध्ये दिला होता, आणि अधिक कठोरपणे दिला होता. ट्रॉयच्या हेक्टरची विधवा आंद्रोमाकी हिच्या तान्ह्या मुलाला तटावरून फेकण्याचा निर्णय त्या नाटकात कोणी एक क्रूर पुरुष घेत नाही. ओडिसियस ग्रीकांच्या सभेत बोलतो आणि सभा तो निर्णय मान्य करते. जेमतेम काही महिन्यांपूर्वी अथेन्सने मेलोस बेटावरचे पुरुष मारून बायकामुलांना गुलाम केले होते. युरिपिडीसने त्या आईचा विलाप अथेन्सच्या नागरिकांसमोरच मांडला. तोच विलाप सभेपासून तोडला की अत्याचार करणारी व्यवस्था सुटते आणि एकट्या बाईची व्यथा तेवढी उरते. मिलर यांची सर्सी निर्जन बेटावर मुक्त होते. आंद्रोमाकीला तसे बेट मिळाले नव्हते. स्त्रियांची बाजू घेणाऱ्या कादंबरीने ते फर्मान कोणी काढले आणि त्याला होकार कोणी दिला, हे सांगितलेच पाहिजे.